यादीत वर आणणारा पेंटर

आमच्या माडीवरच्या खोलीत सहा वर्षं एक माणूस राहिला. गल्ली त्याला पेंटर म्हणायची, मीही पेंटरच म्हणायचे. त्या सहा वर्षांत त्याला मी एकदाही रंगाचा डबा उघडताना पाहिलं नाही. कानामागे ब्रश मात्र कायम असायचा. जेवताना, पेपर वाचताना, एकदा तर हजामतीला बसताना सुद्धा. न्हाव्यानं काढायला सांगितला तर म्हणाला, "त्याच्या आजूबाजूनं कापा."

खोली बघायला आला तेव्हा पाणी किती वाजता येतं, लाईट कितीदा जाते, असलं काही त्यानं विचारलं नाही. ओट्याजवळ उभा राहून म्हणाला, "मावशी, एखाद्याला खोली पायजे आसंल तर तो काय म्हणून इचारंल?"

"खोली हाय का म्हणून इचारंल. आणखी काय?"

"तसं न्हाई. पोरगं शिकायला परभणीत आलंय. संगं त्याची माय हाय. ती काय म्हणंल?"

"ती म्हणंल, संडास आत हाय का बाहेर."

त्यानं खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. मला वाटलं खानेसुमारीचा माणूस असावा. घरात किती माणसं ते मी त्याला सांगूनही टाकलं. एक, मी.

आधी तो खरोखरच पेंटर होता. परभणीपासून गंगाखेडपर्यंत रस्त्याकडेच्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. बियाणं, खत, पाइप, क्लास. अक्षर असं की धावत्या एसटीतून वाचता यावं. पुढं फ्लेक्स आले. जो बोर्ड रंगवायला त्याला दोन दिवस लागायचे, तो मशीन चहा होईपर्यंत बाहेर काढायचं, वर पुढाऱ्याच्या फोटोसकट. पेंटरनं रडारड केली नाही. लोक भिंतीकडं बघायचे थांबले आणि मोबाईलकडं बघायला लागले, तर बोर्ड तिकडं लावायचा, एवढाच त्याचा हिशोब. मुलांच्या वयाच्या पोरांत बसून कॉम्प्युटर शिकला. एका बोटानं टाइप करायचा, आणि प्रत्येक अक्षरानंतर मान मागं घेऊन बघायचा, शिडीवरून बघतात तसं.

त्याचं काम काय होतं ते सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला दोन वर्षं लागली. मोबाईलवर कुणी काही शोधलं की एक यादी येते. दुकानं, दवाखाने, क्लास, सगळ्यांची. पहिल्या चार-पाच नावांच्या खाली कुणी जात नाही. ज्याची वेबसाईट खाली कुठंतरी पडलेली आहे तिला वर आणायची, हे पेंटरचं काम. यात काय कसब आहे, असं मी एकदा विचारलं. पैसे दिले की नेत असतील वर.

"पैसे देऊन बी जाता येतं," तो म्हणाला, "पण तितं बारीक अक्षरात जाहिरात म्हणून लिवलेलं आस्तंय. लोक तेवढं बरोबर वाचतेत."

मग त्यानं मला जे समजावलं ते मला आवडलं नाही, पण समजलं.

आमचं घर कोपऱ्यावर आहे. संध्याकाळी मी ओट्यावर बसते, आणि येणारं-जाणारं मला विचारतं. कुणाला शिंपी पाहिजे, कुणाला गुडघ्याचा डॉक्टर, कुणाला गाभण म्हैस. मी सांगते. पेंटर खालच्या पायरीवर वही घेऊन बसायचा. एक दिवस एक बाई शिंपी विचारून गेली.

"मावशी, कोपऱ्यावरचा शिंपी सोडून तुमी तिला तिकडल्या गल्लीतला कामून सांगितला?"

"कोपऱ्यावरचा स्वतःच स्वतःची तारीफ करत बसतो."

"आन तिकडला?"

"त्याच्याबद्दल चार बायकांनी सांगितलं. त्या चौघींचं एकमेकींशी पटत न्हाई. म्हणजे खरं आसंल."

त्यानं ते लिहून खाली दोन रेघा मारल्या. "मोबाईलात बी आशीच एक मावशी बसलेली हाय," तो म्हणाला. "सगळ्यांच्या घरात डोकावती. कोण कुणाबद्दल काय बोलतंय ते ध्यानात ठेवती. स्वतःचं कवतिक करणारा तिला आवडत न्हाई. आन कुणी फसवलं की डूख धरती."

"मी डूख धरते?"

"तुमच्याबद्दल कोण बोलायलंय?"

पण वहीच्या पानावर वर 'मावशी' असंच लिहिलेलं मी पाहिलं. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं वाचता येतं.

एकदा सकाळी पोलीस चौकीतून फोन आला की तुमचा भाडेकरू एसटी स्टँडवर पकडलाय. मी गेले. साहेब म्हणाले, हा माणूस आठ दिवस चौकशीच्या खिडकीपाशी उभा राहतो, कुठल्याच गाडीत बसत नाही, आणि लोकांच्या पाठीमागं जाऊन कान लावतो. खिसेकापू असणार. पेंटर बाकावर वही मांडीवर घेऊन शांत बसला होता.

"काय करायलास रे तितं?" मी विचारलं.

"प्रश्न गोळा करायलोय."

ट्रॅव्हल्सवाल्या एका गिऱ्हाईकाची वेबसाईट त्याला वर आणायची होती. त्या माणसानं पानावर स्वतःच्या बापाचा फोटो आणि 'आरामदायी व सुखकर प्रवास' असं लिहून ठेवलं होतं. पेंटरचं म्हणणं, सुखकर प्रवास असं उभ्या जन्मात कुणी विचारत नाही. म्हणून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. साहेबांनी वही मागवून मोठ्यानं वाचली. 'पुण्याची गाडी कुठं लागती.' 'म्हाताऱ्याला खालची सीट मिळंल का.' 'गाडीत ओकारी झाली तर थांबवतेत का.' 'कोंबडं नेऊ देतेत का.' आठ दिवसांचे प्रश्न, प्रत्येकापुढं किती जणांनी विचारलं त्याच्या रेघा.

"ह्यात चोरी काय हाय साहेब?" मी म्हटलं. "चोराला एवढा दम नसतो."

सोडून दिलं. महिन्याभरात त्या ट्रॅव्हल्सचं पान वर आलं. कोंबड्याचं उत्तर त्यात होतं. नेऊ देत नाहीत.

दाताच्या डॉक्टरचं प्रकरण याच्याही वरचं. डॉक्टर शिकलेला, त्याची बायको त्याहून शिकलेली. त्यांची वेबसाईट सगळी इंग्रजीत, एवढी जड की वाचूनच दाढ दुखावी. दवाखान्यात दिवसाला दोन-तीन पेशंट, बाकी माश्या. पेंटर तीन दिवस गालावर हात ठेवून बाहेरच्या बाकड्यावर बसला, पेशंट एकमेकांत काय बोलतात ते ऐकत. तिसऱ्या दिवशी डॉक्टरला त्याची दया आली. बळेच खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, तर आत खरोखरच एक दाढ किडलेली निघाली. ती तिथल्या तिथं काढली.

घरी आला तो गाल सुजवून. मी मऊ भात दिला. खाल्ला आणि त्याच गालानं वर जाऊन लिहायला बसला. दुसऱ्या दिवशी पानावर होतं: 'दाढ काढताना दुखत नाही. नंतर दुखतं. दोन दिवस मऊ भात खावा. तिसऱ्या दिवशी भाकरी चालते.'

डॉक्टरीणबाई आमच्या दारात आल्या. "ते 'नंतर दुखतं' तेवढं काढा."

"कामून? दुखतंय की," पेंटर गाल धरून म्हणाला.

"अहो, पेशंट येतील का असं वाचून?"

"ताई, ज्याची दाढ ठणकायलीय त्याला सगळं माहीत आस्तंय. 'काढताना दुखत न्हाई' ह्याच्यावर त्यानं इश्वास ठेवावा म्हणून तर 'नंतर दुखतं' लिवलंय."

बाई गेल्या, पण काढायला लावलं नाहीच. पुढं त्या दवाखान्यात नंबर लागायला लागले. दाढ काढल्याचे पैसे मात्र डॉक्टरनं पेंटरला सोडले नाहीत.

'नंबर एक' या शब्दाचा त्याला राग होता. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, 'परभणीत नंबर एक असं टाका,' की हा विचारायचा, "कुणी मोजलं?" उत्तर नसलं की काम घ्यायचा नाही. एकानं वैतागून विचारलं, मग आमी कितवे हाव? हा म्हणाला, "मी तुमच्याकडं कधी आलोच न्हाई, म्हंजी माझ्या हिशोबानं अजून कितवेच न्हाई."

त्याचं सगळं बरोबर असायचं असं मात्र नाही. एका ज्योतिषाचं पान होतं, सात दिवसांत लग्न, नऊ दिवसांत नोकरी, धडधडीत थापा. ते वर्षानुवर्षं यादीत सगळ्यात वर. मी त्याला मुद्दाम दाखवायचे. "हे कसं रे? तुझी मावशी झोपली काय?"

तो जरा वेळ बघायचा आणि म्हणायचा, "तिचं बी कुठं माहेर आसंल."

आता माझं सांगते.

मी चाळीस वर्षं मेस चालवते. शिकायला आलेली पोरं-पोरी दुपारी आणि संध्याकाळी येऊन जेवतात. एके काळी पन्नास ताटं होती. मग वसमत रोडला नवी मेस निघाली, पंखे, टाइल्स, भिंतीवर टीव्ही. नवीन पोरं स्टँडवर उतरतात ती मोबाईल हातात घेऊनच. कोपऱ्यावरच्या म्हातारीला कोण विचारतं? यादीत पहिलं नाव त्यांचं, तिकडंच जातात. माझी ताटं नऊवर आली.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, या वर्षी दसऱ्यापर्यंत बघ. ताटं वाढली नाहीत तर मेस बंद कर, घराला कुलूप लाव आणि इकडं ये. मी गाडी घेऊन न्यायला येतो." मी हो म्हटलं. नऊ ताटांसाठी स्वयंपाकाची बाई ठेवणं वेडेपणा आहे, हे मलाही दिसत होतं. सून वाईट नाही. पण तिच्या घरात मला चमचा कुठं ठेवू हे विचारावं लागतं, आणि ती सांगते. चाळीस वर्षं मी लोकांना सांगितलंय. मला जायचं नव्हतं.

पेंटरला मी एवढंच म्हटलं, "मला वर आण."

तो खुश झाला. प्रश्न विचारायला बसला. मी नवी पैठणी नेसून, केसांना तेल लावून बसले, तर फोटो काढला भाकरीचा. तोही एका बाजूनं करपलेल्या.

"दुसरी घे की. चांगल्या हायेत तितं."

"भाकर चुलीवरची हाय हे करपल्यावरच कळतंय. मावशी, ताट किती वाजता?"

"दुपारी बारा ते दोन. संध्याकाळी सात ते नऊ."

"दोननंतर आलं तर?"

"न्हाई मिळत."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच न्हाई."

त्यानं तसंच लिहिलं. भाजी एकच. रविवारी संध्याकाळी बंद. अंडी नाहीत. पंखे दोन, त्यातला एक हळू. मी म्हटलं, सगळंच सांगून टाकलंस तर लोक विचारायला कशाला येतील? तो म्हणाला, विचारायला येऊच नयेत, जेवायला यावेत.

पान तयार झालं. जून संपला, जुलै संपला. यादीत आम्ही तळाला. मुलगा रोज फोन करायचा, काय झालं म्हणून. पेंटर म्हणायचा, दम धरा, ओळख पटल्याशिवाय मोबाईलातली मावशी कुणाचं नाव पुढं करत नाही. तिला ओळख पटायच्या आत दसरा येणार होता.

मग मी एक उद्योग केला, त्याला न विचारता.

मोबाईलवर लोक दुकानाला तारे देतात आणि खाली दोन ओळी लिहितात, हे मला माहीत झालं होतं. आमची भिशी अकरा बायकांची. त्या महिन्याची भिशी माझ्या घरी होती. सगळ्यांना पोहे दिले, चहा दिला, आणि म्हटलं, काढा मोबाईल.

"काय लिवायचं?" एकीनं विचारलं.

"लिव, जेवण चांगलं हाय."

"एवढंच?" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचे मिस्टर हेडमास्तर होते. "जरा भारदस्त पायजे." त्यांनी लिहिलं, 'अतिशय रुचकर, स्वच्छ व घरगुती भोजन. संपूर्ण परभणीत एकमेव.' ते सगळ्यांना पाठवलं, सगळ्यांनी तेच डकवलं. दोघींकडं साधे फोन होते, त्यांनी सुनांचे मोबाईल मागवून डकवलं. प्रत्येकीनं पाच तारे दिले. एका पाटलीणबाईनं चार दिले.

"अगं, चार कामून?"

"मागल्या साली तुमच्या कुरडया खारट झाल्त्या."

तिला दहाजणींनी घेरलं आणि पाचवा द्यायला लावला.

दोन दिवस आम्ही झळकलो. तिसऱ्या दिवशी अकराच्या अकरा कौतुकं गायब, आणि आमची मेसही यादीतून गायब. तळालाही नाही. पेंटर जिना उतरून खाली आला. आवाज चढवला नाही.

"किती बायका हुत्या?"

"अकरा."

"एकाच घरात, एकाच दुपारी, एकच वाक्य?"

"मास्तरीणबाईंचं हाय. चांगलं वाक्य हाय."

"चहा दिला का?"

"पोहे बी."

"मंग मोबाईलातल्या मावशीला एक बशी ठिवायची हुती." तो पायरीवर बसला. "मावशी, त्या शिंप्याबद्दल तुमी मला काय सांगितल्तं? चौघींचं एकमेकींशी पटत न्हाई म्हणून खरं. आन हितं तुमी अकरा जणी एकाच ताटात खाणाऱ्या आणल्या." मग म्हणाला, "एकीनं म्हणं चार दिल्ते?"

"कुरडया खारट झाल्त्या म्हणून."

"ती एकटीच खरी गिऱ्हाईक हुती. तिला कामून छळलं?"

दसऱ्याला सात आठवडे राहिले होते. मोबाईलवरची यादी चालवणाऱ्या कंपनीला त्यानं अर्ज केला. मला वाटलं काहीतरी सबब लिहील. त्यानं लिहिलं, 'मेसच्या मालकीणबाईंनी मैत्रिणींना पोहे देऊन तारीफ लिहून घेतली. चूक झाली. मेस खरी आहे.' सोबत माझ्या चुलीचा आणि दारावरच्या पाटीचा फोटो. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. ताट वाढलं, पण बोलले नाही. तीन आठवडे उत्तर नव्हतं. मग एका सकाळी मेस परत यादीत आली. परत तळाला.

"आता मी सांगतो ते करा," तो म्हणाला. "जेवून गेलेल्यांना फोन लावा. त्येंना म्हणा, लिवा. काय लिवा ते सांगायचं न्हाई."

पिठाच्या डब्यामागच्या भिंतीवर मी पोरांचे नंबर पेन्सिलीनं लिहून ठेवत आले आहे. कुणी न सांगता जेवायला आलं नाही, तर विचारायला बरं पडतं. बरेच नंबर बंद पडलेले. जे लागले त्यातलं कुणी नांदेडला, कुणी नाशिकला, कुणी बँकेत, एकजण शेती अधिकारी. मी एवढंच म्हटलं, "मेसबद्दल मोबाईलवर लिवा. खरं लिवा." आणि ठेवून दिला. मला वाटलं चाळीस वर्षं खाऊ घातलंय, चांगलंच लिहितील.

लिहिलं त्यांनी.

'भात कमी मिळतो. का विचारलं तर, वर्गात झोपायचंय का, असं म्हणतात.'

'एकदा भाकरीचा तुकडा टाकला होता. संध्याकाळी तोच तुकडा मला परत वाढला.'

'जेवण उत्तम. तोंड वाईट.'

'मला ताप आला तेव्हा मावशीनं तीन दिवस खोलीवर पेज पाठवली. चौथ्या दिवशी भांडं न घासता परत दिलं म्हणून सगळ्यांसमोर बोलल्या.'

"काढ हे सगळं," मी पेंटरला म्हटलं.

"ह्यातलं खोटं कोणतं?"

"खोटं कायच न्हाई. म्हणून तर काढ."

त्यानं काढलं नाही. म्हणाला, त्याला ते काढताच येत नाही. ते खरं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

पंधरा दिवसांत आम्ही यादीत वर सरकलो. रोज सकाळी तो जिन्यावरून ओरडायचा, "मावशी, आज सातवे." "मावशी, आज पाचवे." मी पीठ मळता मळता ऐकायचे आणि ऐकलं नाही असं दाखवायचे. दसऱ्याच्या आधी आम्ही दुसरे होतो. वर फक्त वसमत रोडवाले.

आणि लोक यायला लागले. पोरं एकटी नाही, आई-बापांसकट. येलदरीकडचा एक शेतकरी पोरीला घेऊन आला. दारातच मोबाईल पुढं धरून म्हणाला, "भांडं घासून दिलं न्हाई म्हणून बोलल्या त्या मावशी तुमीच का?"

"मीच. काय म्हणणं हाय?"

तो पोरीकडं वळला. "हितंच जेव. तुझी आजी बी आशीच हाय, तुला करमंल."

पोरगी रडवेली झाली, पण जेवली. आईबापांना दुसरं काय पाहिजे असतं? आपलं लेकरू जेवलं का आणि आजारी पडलं तर कुणाला कळंल का. ते पानावर माझ्या शिव्यांत लिहिलेलं होतं. दसऱ्यापर्यंत त्रेपन्न ताटं झाली. मी पेंटरसाठी बासुंदी केली. त्यानं दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाला, "बास. उद्यापासून गोड बोलू नका. पान खोटं पडंल."

तो गेल्या वर्षी खोली सोडून गेला. परभणीत आता बरेच वर आलेत, म्हणाला, सगळेच वर आले तर मी करू काय? जाण्याआधी वसमत रोडच्या त्या मेसचं पानही त्यानं करून दिलं. मला ते तिसऱ्याकडून कळलं. मी विचारलं, माझ्या घरात राहून? तो म्हणाला, "त्येंचं बी खरंच लिवलंय. पोळ्या मशीनच्या, पंखे भरपूर. ज्याला वारा पायजे तो तिकडं जाईल." आता गंगाखेडला असतो. कुणीतरी सांगत होतं, गोदावरीच्या घाटावर बसतो म्हणे, लोक गंगेला काय मागतात ते लिहून घेत. त्याचं काही सांगता येत नाही.

पण तो इथं असतानाच झालेली एक गोष्ट राहिली.

मी मुलाला ताटं वाढल्याचं सांगितलं होतं. त्याला वाटलं, पुण्याला यायला नको म्हणून आई आकडा फुगवतेय. ठरल्याप्रमाणे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला. सकाळी सहाला निघालेला, दारात पोचला तेव्हा सव्वादोन वाजले होते.

पाचच मिनिटांपूर्वी मी एका पोरीला ताट न देता परत पाठवलं होतं. तिचं प्रॅक्टिकल लांबलं होतं. ती पायरीवर बसून केळं खात होती. आत दहा-बाराजण ताक पीत रेंगाळलेले. पेंटर जिन्यात उभा होता.

मुलानं हात धुतले आणि बाकावर बसला. "आई, वाढ लवकर. सकाळपासून चहावर आहे."

पातेल्यात वरण होतं. टोपलीत चार भाकरी होत्या. ताट माझ्या हातात आलंही होतं. एकुलता एक मुलगा, आठ तास गाडी चालवून आलेला, आणि डोळे आत गेलेले. मी वळले, तर दारातून ती पोरगी केळं धरून बघत होती. 

मी ताट मांडणीत परत ठेवलं.

"सातला ये," मी म्हटलं.

"आई, मी आहे."

"दिसायलास मला."

"अगं, तुझा पोरगा आहे मी."

"मोबाईलवर बघ. लिवलंय तितं."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यानं मोबाईल काढला. आईच्या मेसचं पान त्यानं तोवर कधी उघडलंच नव्हतं. उभ्याउभ्या वाचत गेला. 'कुणालाच नाही' इथं थांबला. मग खाली गेला, पोरांनी लिहिलेलं सगळं वाचलं. भाकरीच्या तुकड्यापाशी म्हणाला, "हे माझ्यासोबत पण केलं होतंस. दुसरीत होतो मी." ताक पिणारी पोरं ताक विसरली होती.

"खरंच त्रेपन्न आहेत?" त्यानं विचारलं.

"आज बावन्न. ती बाहेर बसली."

तो बाहेर गेला. पायरीवर त्या पोरीशी काहीतरी बोलला, तिला गाडीत घातलं आणि दोघं स्टेशनकडं जाऊन काहीतरी खाऊन आले. मला दोघांनीही सांगितलं नाही. पेंटरनं सांगितलं.

संध्याकाळी पावणेसातला मुलगा ओळीत सगळ्यात पुढं उभा होता. जेवला. ताट स्वतः घासून ठेवलं. पुण्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. सकाळी लवकर एकटाच निघून गेला.

चार दिवसांनी पेंटर मोबाईल घेऊन खाली आला. "मावशी, नवीन आलंय," म्हणाला आणि वाचून दाखवलं.

'पुण्याहून आठ तास गाडी चालवून गेलो. सव्वादोनला ताट मिळालं नाही. संध्याकाळी मिळालं, चांगलं होतं. आईला न्यायला गेलो होतो. आई मिळाली नाही. तीन तारे.'

मी पोळपाट बाजूला सारला आणि मुलाला फोन लावला. "दोन तारे कामून कापलेस?"

"एक दुपारच्या ताटाचा," तो म्हणाला. "एक तुझा."

"बरं, ठेव आता," मी म्हटलं. "पावणेबारा झालेत, पोरं येतील."